काट्याने काटा : २००३ सालच्या किड्याची कथा

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला विनवतो : तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून हिला राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. संगणकावर लिहू लागल्यावर आम्ही ही विनवणी विसरलो. शेवटचे कलम तर आम्हांलाच लागू होते.

११ ऑगस्ट २००३ रोजी ‘ब्लास्टर’ नावाचा किडा पसरू लागला. तो मागच्या दाराने येई. ना पत्र उघडावे लागे, ना फाइल. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते. विंडोजमधल्या ज्या उणिवेतून तो शिरे, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच प्रसिद्ध केली होती. घरोघरी ती पोहोचली नव्हती, इतकेच. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होई. औषध इंटरनेटवर आणि तिथवर जायला मिनिटभराची मुदत! जाणकार मग क्रम सांगत : आधी तार काढा, ‘शटडाऊन -ए’ ही आज्ञा देऊन मोजणी थांबवा, टास्क मॅनेजरमधून किड्याचे काम बंद पाडा, त्याची फाइल आणि रजिस्ट्रीतली नोंद पुसा, फायरवॉल चालू करा, मगच तार जोडून दुरुस्ती उतरवा. क्रम चुकला की पहिले पाढे पंचावन्न.

पुढचे प्रकरण अधिक विलक्षण आहे. आठवड्याभरातच ‘वेल्चिया’ हा दुसरा किडा अवतरला. तो त्याच उणिवेतून शिरे, ब्लास्टरला हुसकावी, मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती स्वतः उतरवून घेई; २००४ साल उजाडल्यावर स्वतःलाच पुसण्याची सोयही त्यात होती. असा निरिच्छ परोपकारी साहित्यातही विरळा. पण नवी घरे शोधताना तो इतक्या हाका घाली की जाळीच तुंबून गेली. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याची व्हिसा-तपासणीची यंत्रणा त्याच्यामुळे काही तास ठप्प झाली. न विचारता घरात शिरून केर काढणाऱ्याला काय म्हणावे, हा प्रश्न आम्हांला तांत्रिक वाटत नाही.

ही कल्पनाही नवी नव्हती. १९७१ च्या सुमारास बॉब थॉमस यांनी अर्पानेटवर फिरणारा ‘क्रीपर’ लिहिला आणि त्याला शोधून पुसण्यासाठी रे टॉमलिन्सन यांनी ‘रीपर’. ‘किडा’ हे नाव मात्र प्रयोगशाळेने कादंबरीकाराकडून घेतले. जॉन ब्रनर यांच्या ‘द शॉकवेव्ह रायडर’ (१९७५) या कादंबरीत जाळ्यातून सरपटणारा पट्टकृमी आहे. पुढे झेरॉक्सच्या संशोधकांनी आपल्या प्रयोगाला तेच नाव दिले. साहित्याच्या वर्गात हे सहसा सांगितले जात नाही.

असो. आमच्या घरी एवढी सूक्ष्म शस्त्रक्रिया झालीच नाही. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी हार्ड डिस्क सरळ फॉरमॅट केली आणि चहा घेऊन निघून गेले. संगणक ठणठणीत झाला. प्रबंधाची दोन प्रकरणे गेली. त्यांपैकी एक पुढे फ्लॉपीवर सापडले, पहिल्या खर्ड्याच्या रूपात. दुसरे आठवून पुन्हा लिहिले. त्यातली अवतरणे तपासायला ग्रंथालयात पूर्ण पावसाळा गेला.