शपथेचे डोंगर

पुण्याहून सातारच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे कात्रजचा घाट ओलांडल्यावर कांहीं वेळानें नसरापूरचा फाटा लागतो. भोर आणि वेल्हें या दोन मावळी मुलखांचें हें जणूं दार. फाट्यापासून जवळच बनेश्वराची गर्द राई आहे, आणि डोंगरावरील देवांच्या दर्शनास निघालेली मंडळी बहुधा येथें पहिला नमस्कार करून पुढें जाते. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळांत, हें देऊळ बांधलें गेलें. देवळांतील घंटेवर क्रूस आणि १६८३ हें साल आहे. १७३९ मध्यें चिमाजी अप्पानें वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चांतील घंटा मराठी मुलखांतल्या अनेक देवळांत आल्या. त्यांपैकींच ही एक, असें मानतात. यात्रा अजून सुरूही झालेली नसते, तोंच इतिहास असा कानाशीं वाजूं लागतो.

अशा यात्रेची मंडळी लहान असते. आठ-दहा माणसें, खांद्यावर शिदोरी, हातांत काठी. पंढरीची वारी लाखांची असूं शकते, कारण तिला वाळवंट आहे, नदी आहे, गांवोगांव अन्न घालणारीं घरें आहेत. डोंगरमाथ्यावरच्या देवाला हा परिवार नाहीं. तेथें एक टाकें, एक ओसरी आणि एक पुजारी. जितक्यांना त्या टाक्याचें पाणी पुरेल, तितकेच यात्रेकरू. डोंगरानेंच हा नियम घालून दिलेला आहे.

मावळांत डोंगर आणि देव यांचें नातें किल्ल्यांपेक्षां जुनें आहे. राजगडाला तें नांव मिळण्यापूर्वीं त्या डोंगरास मुरुंबदेव म्हणत. रोहिडा किल्ला रोहिडमल्लाच्या नांवाशीं जोडलेला आहे. तटबंदी मागाहून आली. आधीं कातळ, झरा आणि त्या झऱ्याचा राखणदार देव होता. या देवापुढें मावळी माणूस दोन कारणांनीं उभा राही. एक नवस, आणि दुसरें शपथ. वतनाचा तंटा असो वा सीमेचा वाद, बेलभंडार उचलून बोललेला शब्द कागदावरच्या शिक्क्याइतकाच पक्का मानला जाई. ही गोष्ट ध्यानांत ठेवली, तर भोर-वेल्ह्यांतील देवळांचा इतिहास हा पुष्कळ अंशीं शपथांचाच इतिहास आहे, असें दिसून येतें.

भोरहून पश्चिमेकडे आंबवडें लागतें. ओढ्याकांठीं झाडींत नागेश्वराचें प्राचीन देऊळ आहे, आणि जवळच शंकराजी नारायण सचिव यांची समाधि. भोर संस्थानच्या पंतसचिव घराण्याचे हे मूळ पुरुष. औरंगजेबाशीं झालेल्या दीर्घ झुंजींत मावळांतील किल्ले परत मिळविण्यांत त्यांचा मोठा वाटा होता. १७०७ मध्यें औरंगजेब वारला आणि शाहूमहाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून आले. इकडे ताराबाईनें आपल्या सरदारांकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या होत्या; त्यांत शंकराजीही होते. शाहूंचें बोलावणें आलें, तेव्हां एका बाजूस छत्रपतींच्या घराण्याचा वडील वारस आणि दुसऱ्या बाजूस दिलेला शब्द, असा पेंच पडला. वारसाविरुद्ध शस्त्र उचलवेना आणि शब्दही मोडवेना. शंकराजींनीं आंबवड्यास आपला देह संपविला. तो कसा संपविला याच्या कथा निरनिराळ्या आहेत. कारणाविषयीं मात्र त्यांत एकमत आहे. पुढें शाहूमहाराजांनीं सचिवपद त्यांच्या अल्पवयी मुलाकडे, नारो शंकराकडे, कायम केलें, आणि १९४८ मध्यें विलीन होईपर्यंत भोरची गादी त्याच घराण्यांत राहिली. यात्रेकरू समाधीवर फूल ठेवतो, तें पराक्रमाला ठेवतो कीं या न सुटलेल्या पेंचाला, हें त्याचें त्यानेंच ठरवावें.

तेथून रायरेश्वराच्या पायथ्याकडे जातांना कारी गांव आहे. येथील जेधे देशमुखांचें घर मराठ्यांच्या इतिहासांत दोन कारणांनीं अमर झालें. पहिलें कारण १६५९ चें. अफझलखान चालून आला, तेव्हां मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्मानें सुटलीं: खानाला मिळा, न मिळाल्यास वतनास मुकाल. कान्होजी जेधे आपल्या पांच मुलांसह शिवाजीमहाराजांकडे आले आणि हातावर पाणी घेऊन त्यांनीं वतनावर उदक सोडलें. ज्या वतनासाठीं मावळांत भाऊ भावाचा गळा कापी, तें वतन एका ओंजळभर पाण्यानें सुटलें. त्याच खोऱ्यांतील उतरवळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेले. लढाई संपल्यावर कान्होजींनीं त्यांच्यासाठीं रदबदली केली. खोपड्यांचा जीव वांचला, पण एक हात आणि एक पाय गेला. शेजारचीं दोन गांवें, एकाच देवाचीं. निवड मात्र निरनिराळी झाली.

दुसरें कारण कागदाचें. याच कारीच्या जेध्यांच्या दप्तरांतून जेधे शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली आणि १९१६ मध्यें ती भारत इतिहास संशोधक मंडळाद्वारें प्रसिद्ध झाली. बखरींवरून शिवाजीमहाराजांचा जन्म १६२७ चा धरला जाई. शकावलींत तो शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० असा नोंदलेला निघाला. पुढें इतर पुराव्यांची जोड मिळून अभ्यासकांनीं तीच तिथि ग्राह्य धरली.

कारीहून पुढें कोर्ल्याच्या बाजूनें रायरेश्वराची चढण सुरू होते. समोर केंजळगड उभा असतो. अखेरच्या कड्याशीं आतां लोखंडी शिडी आहे. ती चढली कीं सुमारें साडेचार हजार फूट उंचीवर एक विस्तीर्ण पठार पसरलेलें दिसतें. गोमुखांतून वाहणारें थंड पाणी, थोडी शेती, पिढ्यान्‌पिढ्या देवाची सेवा करीत राहिलेलीं जंगम कुटुंबें, आणि दगडी, ठेंगणें, साधें असें शिवालय. परंपरा सांगते कीं, १६४५ मध्यें किशोर शिवाजीनें मावळच्या सवंगड्यांसह येथें स्वराज्याची शपथ घेतली.

येथें इतिहासाच्या अभ्यासकाला थांबावें लागतें. या शपथेचा मुख्य आधार म्हणून रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभु यांस लिहिलेलें १६४५ चें पत्र दाखविलें जातें. परंतु त्यांत देवाचें नांव रोहिरेश्वर असें आहे, रायरेश्वर नव्हे. आणि पत्राच्या अस्सलपणाविषयींही अभ्यासकांनीं शंका घेतली आहे. म्हणजे ज्या एका क्षणासाठीं यात्रेकरू हा डोंगर चढतो, तोच क्षण पुराव्याच्या दृष्टीनें सर्वांत दुबळा ठरतो.

मग चढण व्यर्थ गेली काय? तसें म्हणतां येणार नाहीं, आणि शंका दडपून टाकणेंही योग्य नाहीं. डोंगरावरची कथा आणि डोंगराखालचा कागद हे एकमेकांचे वैरी नव्हेत. १९१६ पूर्वीं ही कथा सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढें अठरा वर्षांचा तरुण असे. कारीच्या शकावलीनें तो पंधरा वर्षांचा मुलगा झाला. कागदानें कथा पुसली नाहीं, उलट तिच्यांतलें साहस अधिक कोंवळें करून दाखविलें. शिवाय, ज्या मुलखांत प्रत्येक मोठा शब्द देवासमोर दिला जाई, तेथें स्वराज्याचा शब्दही कोणत्या तरी देवासमोर दिला गेला असावा, असें मानणें रीतीला धरून आहे. तो देव नेमका कोणता, तो दिवस कोणता, हें मात्र ठामपणें सांगूं नये. श्रद्धेला इतका संयम झेपतो. तो नसेल, तर तिचा हट्ट होतो.

शब्द पुरा झाल्याची साक्ष पाहावयाची, तर वेल्ह्याकडे जावें. या तालुक्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे. १६४६-४७ च्या सुमारास तोरणा स्वराज्यांत आला. तो ४,६०० फुटांवर उंच. त्याचा अफाट विस्तार पाहून महाराजांनीं त्यास प्रचंडगड म्हटलें. गडावर मेंगाईदेवीचें देऊळ आहे, आणि रात्रीं गडावर राहणाऱ्यांना आजवर तिच्याच ओसरीचा आसरा होत आला आहे. तोरण्यावर सांपडलेल्या धनांतून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, असें सांगतात. तोच पुढें सुमारें पंचवीस वर्षें राजधानी होता. पद्मावती माचीवर पद्मावतीदेवी, बालेकिल्ल्याच्या वाटेवर जननी आणि माथ्यावर ब्रह्मर्षि. राज्य वाढत गेलें, तरी त्यांच्यापुढचे दिवे लहानच राहिले. १६५९ च्या सप्टेंबरांत सईबाई याच गडावर निवर्तल्या. घरांत सुतक, दाराशीं अफझलखान; आणि त्याच वर्षीं कान्होजी जेध्यांनीं वतनावर पाणी सोडलें. हीं तीन दुःखें आणि संकटें एकत्र ठेवून पाहिलीं, म्हणजे त्या ओंजळभर पाण्याचें मोल कळतें.

२०२५ मध्यें राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत गेला. आतां वाटेवर गर्दी वाढेल. सुट्टीच्या दिवशीं ती आधींच वाढलेली आहे. पण टाकीं तेवढींच आहेत, ओसऱ्या तेवढ्याच आहेत. म्हणून जुन्या मावळी रीतीनें, लहान मंडळीनें, पाणी जपून आणि आवाज आवरून जाणें हाच या देवांचा खरा उपचार होय. रायरेश्वराच्या गाभाऱ्यांत मोठें कांहीं मागण्याचें कारण नाहीं. एखादा पाळतां येईल असा शब्द तेथें द्यावा, आणि खालीं उतरून तो पाळावा. त्या डोंगरांत आजवर हेंच घडत आलें आहे.