तगराचा माल आणि खाडीचें पाणी

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव तेरणेच्या कांठीं वसलें आहे. गोरोबाकाकांची समाधि येथेंच आहे आणि वारकऱ्यांना या गांवाची ओळख मुख्यतः त्या समाधीमुळें. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र तें तगर या जुन्या नांवानें परिचित आहे. समुद्रापासून तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर, पठारावर वसलेल्या या नगराचें भाग्य दोन हजार वर्षांपूर्वीं भरती-ओहोटीशीं बांधलेलें होतें, असें सांगितलें तर प्रथम आश्चर्य वाटेल. त्यांतून तेरणा पश्चिमेकडे वाहतच नाहीं. ती मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि तें पाणी अखेर बंगालच्या उपसागरांत जातें. गांवची नदी पूर्वेला गेली आणि गांवचा माल पश्चिमेला.

या मालाची हकीकत ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकांत आली आहे. पुस्तक इसवी सनाच्या पहिल्या शतकांतलें. लेखक अज्ञात आहे; पण तो व्यापारी असावा, कारण राजांच्या पराक्रमापेक्षां कोणत्या बंदरांत काय खपतें याची त्याला अधिक काळजी. बरिगाझा म्हणजे भडोच. तेथून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, हें फार मोठें नगर, असें तो लिहितो. तगराहून साधें कापड विपुल येई, शिवाय तलम वस्त्रांचे नाना प्रकार. हा सारा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या अफाट मुलखांतून भडोचला जात असे.

हें तगर नेमकें कोणतें, यावर एकोणिसाव्या शतकांत पुष्कळ वाद झाला. जुन्नर, देवगिरी, धारूर अशीं नांवें पुढें आलीं. अखेर १९०१ सालीं जे. एफ. फ्लीट यांनीं तेर हेंच तगर असें प्रतिपादन केलें, आणि लगेच पुढें हेन्री कझेन्स यांनीं येथील विटांच्या प्राचीन वास्तूंचें वर्णन प्रसिद्ध केलें. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या वस्तूंचें आज गांवांत सरकारी संग्रहालय आहे. तेरला सांपडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें मिळालेल्या मूर्तीशीं विलक्षण जुळते. आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें.

गाड्यांचा प्रवास कष्टाचा खरा, पण खरी कसोटी भडोचच्या खाडींत. नर्मदेचें मुख अरुंद, आंत वाळूचे दांडे, आणि भरती अशी कीं अमावास्येच्या सुमारास पाणी गर्जना करीत आंत घुसे व गलबतें उलथून टाकी. बंदर नदीमुखापासून सुमारें तीनशें स्टेडिया आंत. यावर तेथील राजानें केलेली व्यवस्था पेरिप्लसकारानें बारकाईनें नोंदली आहे. राजाच्या चाकरींतले स्थानिक मासेमार मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परक्या गलबतांना दांड्यांमधून वाट काढून देत, आणि भरती सुरू होतांच तीं ओढीत वर नेत. ओहोटी लागली कीं नदींतील ठराविक खोल डोहांत नांगर टाकून थांबत. नदीचा स्वभाव बदलण्याची खटपट कोणीं केली नाहीं. ज्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता त्यांनाच राजानें कामावर घेतलें.

पेरिप्लसांतील हा राजा म्हणजे क्षत्रप नहपान, असें बहुतेक पंडित मानतात. त्याचा जांवई उषवदात याचा लेख नाशिकच्या दहाव्या लेण्यांत आहे, आणि तो या प्रकरणीं फार मोलाचा आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्यानें फुकट नावांची सोय केली, आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया बांधिल्या. पार, दमणगंगा, तापी, डहाणूची खाडी हीं नांवें आजही ओळखूं येतात. भडोच, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें धर्मशाळा, शिवाय बागा, तळीं, विहिरी. भडोचहून सोपाऱ्याकडे किनाऱ्यानें निघालेल्या वाटसरूला दर खाडीवर अडावें लागे. तेथें नाव, सावली आणि पिण्याचें गोडें पाणी एकाच योजनेंत आलें. यांत धर्मबुद्धि किती आणि जकातीवरची दृष्टि किती, हें वाटून दाखवितां येणार नाहीं. एकीनें दुसरीला बाध येतो असेंही नाहीं.

परंतु खाड्यांची ही काळजी सर्वांच्या वांट्याला सारखी आली नाहीं. तगराला कल्याण भडोचपेक्षां कितीतरी जवळ. तें पूर्वीं रीतसर खुलें बंदर होतें. पुढें सँडनीस नांवाच्या अधिपतीच्या हातीं गेल्यावर तेथें फार अडथळे आले, आणि चुकून शिरलेलें ग्रीक गलबत पहाऱ्यांत भडोचला नेलें जाई. एका खाडीचा व्यापार दुसरीकडे वळविला गेला, आणि त्याचा भार बैलांच्या मानेवर पडला.

नहपानाची सत्ता गौतमीपुत्र सातकर्णीनें मोडली. १९०६ सालीं जोगळटेंभी येथें सांपडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकीं नऊ हजारांवर नाणीं गौतमीपुत्रानें पुन्हा आपल्या छापानें ठोकलेलीं आहेत. तगराचें वैभव ओसरलें, तरी नांवाचा मान टिकला: कित्येक शतकांनंतर कोंकणच्या खाड्यांवर राज्य करणारे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत.

भडोचच्या खाडीचा प्रश्न मात्र आजही संपलेला नाहीं. सरदार सरोवर २०१७ मध्यें पूर्ण झालें. वरचें गोडें पाणी कमी उतरूं लागल्यामुळें समुद्राचें खारें पाणी नदींत वर चढूं लागलें. तें अडवून गोडें पाणी सांठविण्यासाठीं भाडभूत येथें दारांचा मोठा बंधारा योजिला गेला आणि २०२० च्या सुमारास काम हातीं घेण्यांत आलें. त्याला तेथील मासेमारांनीं हरकत घेतली. हिलसा हा मासा समुद्रांतून अंडीं घालण्यास गोड्या पाण्यांत वर येतो. त्याची वाट बंद झाली तर आम्हीं काय करावें, असा त्यांचा सवाल होता. आणि हा सवाल करणारे त्याच खाडीवर जगणारे होते, जेथें एके काळीं तगराचें कापड नेण्यास आलेल्या गलबतांना मासेमारच वाट दाखवीत.