ड्रोनद्वारे रात्रीचे चलच्चित्रण

दूरनियंत्रणाने उडणाऱ्या लहान मानवरहित विमानावर, म्हणजे ड्रोनवर, बसविलेल्या कॅमेऱ्याने सूर्यास्तानंतर घेतलेल्या हलत्या चित्रणास ही संज्ञा लावतात. भर उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश सु. एक लक्ष लक्स असतो, रस्त्यावरील दिव्याखाली तो दहाच्या आसपास उतरतो आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सचा पाचवा हिस्साही कष्टाने भरतो. इतक्या अल्प प्रकाशात हलत्या आधारावरून हलत्या वस्तूचे चित्र घेणे ही या तंत्राची मूळ अडचण होय. तिच्यात दुसरी अडचण मिसळते. रात्रीच्या दृश्यात मंद प्रकाशाबरोबर अतिप्रखर दिवेही असतात आणि दोहोंना एकाच चित्रचौकटीत सामावून घ्यावे लागते. एचडीआर या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी विस्तृत दीप्ति-पल्ल्याची पद्धती या दुसऱ्या अडचणीवरील उपाय आहे, पहिलीवरील नव्हे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे हौशी चित्रकारांची पुष्कळ निराशा होते.

इतिहास : या दोन्ही अडचणींचा आरंभ योगायोगाने एकाच माणसाच्या कार्यात सापडतो. नादार या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पॅरिसनजीक बलूनमधून पहिले हवाई छायाचित्र घेतले आणि १८६१ च्या सुमारास त्यानेच पॅरिसच्या भुयारी अस्थिगृहांत विजेच्या प्रकाशात छायाचित्रे काढली. भुयारात उद्भासनास, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देण्यास, सु. १८ मिनिटे लागत. तेवढा वेळ जिवंत माणूस निश्चल राहणे अशक्य म्हणून कामगारांच्या जागी त्याने पुतळे उभे केले. आकाश आणि अंधार ही दोन्ही क्षेत्रे त्याने पादाक्रांत केली, परंतु ती एकत्र आणणे त्याला शक्य नव्हते. बलून अठरा मिनिटे स्थिर राहत नाही.

ही कोंडी पुढे साठ-पासष्ट वर्षे सुटली नाही. अखेर ती सुटली ती कॅमेरा सुधारून नव्हे, तर प्रकाशच आकाशातून खाली टाकून. अमेरिकन लष्करातील जॉर्ज गॉडर्ड याने नोव्हेंबर १९२५ मध्ये रॉचेस्टर शहरावर विमानातून स्फोटक प्रभाचूर्णाचा बाँब टाकून रात्रीचे हवाई छायाचित्र मिळविले. दुसऱ्या महायुद्धात हॅरल्ड एजर्टन याने विद्युत् विसर्जन दिव्याचा प्रखर झोत विमानातच बसविला. जून १९४४ मधील नॉर्मंडीच्या चढाईपूर्वी शत्रूच्या रात्रीच्या हालचाली टिपण्यास त्याचा उपयोग झाला. कारण सोपे आहे. ताशी १६० किमी. वेगाचे विमान १/५० सेकंदात सु. ९० सेंमी. पुढे सरकते, म्हणून झडप क्षणार्धच उघडी ठेवावी लागते आणि तेवढ्या वेळात पुरेल इतका प्रकाश सोबत न्यावा लागतो.

चलच्चित्रणात हाही मार्ग बंद होता, कारण तेथे एका क्षणाचा झोत पुरत नाही. सेकंदाला चोवीस-पंचवीस चौकटींसाठी अखंड उजेड हवा. चित्रपटकारांनी म्हणून दिवसाच चित्रण करून, उद्भासन घटवून आणि निळसर गाळणी वापरून रात्रीचा आभास निर्माण केला. खऱ्या मंद प्रकाशात चित्रण करण्याचे प्रसिद्ध उदाहरण स्टॅन्ली कुब्रिकच्या बॅरी लिंडन (१९७५) या चित्रपटाचे आहे. त्यातील मेणबत्त्यांच्या दृश्यांसाठी अंतराळ संशोधनाकरिता बनविलेले एफ ०.७ द्वारकाचे भिंग वापरले होते. असे भिंग हवेत नेण्याचा प्रश्नच नव्हता.

दीप्ति-पल्ल्याचा इतिहास याहून निराळ्या वाटेने गेला. १८५० नंतरच्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्र आणि आकाश यांच्या दोन वेगळ्या प्रतिकाचांपासून एक छायाचित्र मुद्रित केले, कारण एका उद्भासनात दोन्ही बसत नसत. चार्ल्स वायकॉफ याने अणुस्फोटांच्या चित्रणासाठी भिन्न संवेदनशीलतेचे थर असलेली फिल्म तयार केली. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या उद्भासनांच्या छायाचित्रांतून दृश्यातील खरी दीप्ती गणिताने काढण्याची रीत प्रसिद्ध केली. मात्र अनेक चौकटी एकत्र करण्याची ही रीत स्थिर दृश्यापुरतीच ठीक. चालती मिरवणूक अशी टिपली, तर एका माणसाची दोन भुते दिसतात. चलच्चित्रणातील एचडीआर म्हणून मुख्यतः एकाच उद्भासनातील माहिती अधिक काळजीने साठविण्याची व दाखविण्याची पद्धती आहे. तीसाठी दोन प्रकारचे वक्र रूढ झाले : पीक्यू (२०१४ मध्ये प्रमाणित) आणि ब्रिटनची बीबीसी व जपानची एनएचके यांनी मिळून विकसित केलेला एचएलजी. जुलै २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दोन्हींना एका शिफारशीत स्थान दिले. पीक्यू वक्रात चौ. मीटरला १०,००० कँडेलापर्यंतची दीप्ती नोंदविता येते. नेहमीच्या दूरचित्रवाणीसाठी चित्र १०० कँडेलाच्या हिशेबाने तयार करीत. एचएलजीचा गुण असा, की जुन्या संचावरही चित्र बरे दिसते. दोहोंसाठी निदान दहा बिटांची, म्हणजे प्रत्येक रंगाच्या १,०२४ पायऱ्यांची नोंद लागते. आठ बिटांच्या २५६ पायऱ्यांत संध्याकाळचे आकाश पट्ट्यापट्ट्यांनी फाटते.

महाराष्ट्रात हवाई छायाचित्रण दीर्घकाळ हेलिकॉप्टरवर आणि म्हणून दिवसाच्या उजेडावर अवलंबून होते. नौदलात छायाचित्रकार असलेले गोपाळ बोधे यांची किल्ल्यांची व दीपगृहांची छायाचित्रे आणि उद्धव ठाकरे यांचा महाराष्ट्र देशा (२०१०) हा संग्रह ही त्याची ठळक उदाहरणे होत. त्याच सुमारास दुसरा प्रवाह सुरू झाला होता. मुंबईच्या आयआयटीतील माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही संस्था काढली. तिचे चार पंख्यांचे यान थ्री इडियट्स (२००९) या हिंदी चित्रपटात दिसले, आणि पुण्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने तिने नेत्र हे टेहळणी यान सिद्ध केले. सामान्य छायाचित्रकाराच्या हाती मात्र ड्रोन आले ते २०१३ नंतर, परदेशी बनावटीच्या स्वस्त यानांमुळे. कॅमेरा त्रिदिश स्थिर ठेवणारे गिंबल त्यांवर बसले आणि नादारची कोंडी प्रथमच खऱ्या अर्थाने फुटली : यान वाऱ्यात हेलकावत असले, तरी भिंग जागचे हलत नाही. दुसरी सुधारणा प्रकाशग्राही पटलाची. आरंभीच्या यानांतील पटलाचे क्षेत्र जेमतेम २८ चौ. मिमी. होते, २०१८ च्या सुमारास ११६ आणि २०२१ मध्ये २२५ चौ. मिमी. पटले लहान यानांवर आली. समान द्वारकातून आठपट प्रकाश गोळा होणे म्हणजे तीन स्टॉपांचा लाभ.

कायदा या प्रगतीच्या मागेपुढे चालला. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी ड्रोन उड्डाणांस मनाई झाली. १ डिसेंबर २०१८ पासून ती नियमांखाली खुली झाली, पण केवळ दिवसा व दृष्टीच्या टप्प्यात. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी हिरव्या, पिवळ्या व लाल क्षेत्रांची पद्धती आणली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनांच्या आयातीवर बंदी आली.

पेण परिसर : रायगड जिल्ह्यातील पेण तालुका हा या तंत्राच्या परीक्षेस योग्य असा मुलूख आहे. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले पेण शहर भोगावतीच्या काठी आहे. हमरापूर, जोहे या गावांत घरोघर मूर्तींचे कारखाने चालतात. पश्चिमेस धरमतरची खाडी आणि खारभूमी अंधारात असतात, आणि त्याच खाडीकाठी डोलवी येथील पोलाद प्रकल्पाचे दिवे रात्रभर जळतात. एकाच चौकटीत काळे पाणी व झगझगीत दिवे घेतले, तर दीप्तीचे अंतर काही लक्ष पटींवर जाते. तेरा स्टॉपांचे पटल सु. आठ हजार पटींचे अंतर सांभाळते. उरलेले कोठे सोडावयाचे, हा निर्णय यंत्राचा नसून चित्रकाराचा आहे, आणि मांडणीची सर्व मूल्ये अखेर त्या निर्णयाचीच रूपे असतात. स्वयंचलित मांडणी काळ्या खाडीला राखाडी करू पाहते व दिवे जाळून टाकते. म्हणून उद्भासन हाताने बांधून ठेवावे. विसर्जनात मूर्तीवर पडणारा उजेड व समया राखावयाच्या आणि काठचा अंधार अंधारच राहू द्यावयाचा, हे बहुधा योग्य ठरते. जळालेला भाग एचएलजीत काय किंवा लॉग वक्रात काय, परत येत नाही. अंधारातला थोडा तरी येतो, दाणेदार होऊन का होईना.

झडपेचा वेळ सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रणात १/५० सेकंद ठेवण्यामागे दोन कारणे आहेत. हालचाल त्यामुळे स्वाभाविक दिसते आणि भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने सेकंदाला शंभरदा लुकलुकणारे दिवे चित्रात थरथरत नाहीत. परदेशी सवयीने १/६० ठेवल्यास मंडपाच्या रोषणाईवर पट्टे सरकताना दिसतात. द्वारक पूर्ण उघडे, दिवसाची करडी गाळणी काढलेली, संवेदनशीलता लहान पटलावर आयएसओ ४०० ते ८०० पर्यंत व मोठ्यावर १,६०० पर्यंत, वर्णतापमान ३,२०० ते ४,००० केल्व्हिनच्या दरम्यान कायम आणि केंद्रीकरण हाताने अनंतावर : हा सर्वसाधारण आराखडा. उरते ती गती. ६० मी. उंचीवरून रुंद भिंगाने खाली पाहिल्यास चौकटीत सु. ९० मी. रुंदी येते, म्हणजे ४के चित्राच्या एका बिंदूत सु. अडीच सेंमी. जमीन. सेकंदाला ५ मी. वेगाने यान १/५० सेकंदात १० सेंमी. सरकते आणि चार बिंदूंची रेघ उमटते; १ मी. वेगाने हा दोष दिसतच नाही. रात्री सावकाश उडावे, या सल्ल्याचे गणित एवढेच आहे. शिवाय अडथळे ओळखणारे यानाचे डोळे अंधारात आंधळे होतात; तारा व झाडे दिवसा पाहून ठेवली नसतील, तर उड्डाण करू नये.

पंचांगाचाही येथे उपयोग होतो. दीड दिवसाच्या विसर्जनास चंद्राची कोर लवकर मावळते, तर अनंत चतुर्दशीस, ढग नसल्यास, जवळजवळ पूर्ण चंद्र मिळतो. रोहे येथे दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी सशस्त्र पोलीस मानवंदना घेऊन निघते. त्या सुमारास पाऊस ओसरलेला असतो आणि चंद्र मध्यरात्र उलटेपर्यंत साथ देतो. तथापि तिन्हीसांजेची वीस-तीस मिनिटे याहून मोलाची. आकाश निळे असते, दिवे लागलेले असतात आणि दोहोंतील अंतर पटलाच्या आवाक्यात आलेले असते.

पाऊस हाच या मुलखातील खरा शत्रू. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, बचावपथकांना चिखलातून पायी चढावे लागले आणि वाईट हवेमुळे हेलिकॉप्टरे उडू शकली नाहीत. २७ मृतदेह मिळाले; ५७ व्यक्ती बेपत्ता राहिल्या व चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. अशा प्रसंगी रात्रीच वरून पाहता यावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु बाजारातील बहुतेक छायाचित्रण ड्रोन मुसळधार पावसात टिकत नाहीत, आणि धुके भरले असता संवेदनशीलता वाढवून केवळ धुकेच अधिक उजळ दिसते. उष्णता टिपणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्यास दृश्य प्रकाशाची गरज नसते. उघड्यावर अडकलेला माणूस त्यात दिसू शकतो. मातीच्या जाड थराखालील शरीराची उष्णता मात्र पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही.