तीनशे वर्गणीदार

गेल्या रविवारची गोष्ट. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर चहा घेत उभा होतो. आपल्या वाचकांपैकी एक काका भेटले. म्हणाले, "तुमचं शुक्रवारचं ईमेलवरचं पत्र मी न चुकता वाचतो हो. पण एक विचारू? ते फुकट आहे. मग तुमचं घर कसं चालतं?"

मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना.

नवीन मंडळींसाठी सांगतो. दर शुक्रवारी मी ईमेलने एक पत्र पाठवतो. महापालिकेत काय ठरलं, पाणी कुठे येत नाही, कुठल्या आरक्षित भूखंडावर काय उभं राहतंय, असं सगळं त्यात असतं. वाचक २४०. आपल्या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर होती. त्यात २४० म्हणजे एका सोसायटीच्या दोन विंगा. एवढ्या वाचकांवर काही कमवायचं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील.

पण मित्रांनो, मराठी पत्रकारितेची सुरुवातच एवढ्याशा वाचकांवर झाली आहे.

६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. आपण तो दिवस पत्रकार दिन म्हणून साजरा करतो, हारतुरे होतात, फोटो निघतात. पण 'दर्पण'चे वर्गणीदार किती होते, हे तिथे कुणी सांगत नाही. सुमारे ३००! एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. आधी पाक्षिक, काही महिन्यांत साप्ताहिक. एवढ्या बळावर ते १८४० पर्यंत, म्हणजे आठ वर्षं चाललं. जाहिरातींचा बाजार तेव्हा जवळपास नव्हताच. भिस्त वर्गणीवर.

आता दुसरी बाजू. बाळशास्त्रींचं पोट 'दर्पण'वर नव्हतं. ते आधी नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीत नोकरीला होते आणि नंतर एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाले. छपाईचा खर्च निघाला तरी खूप, असा तो मामला.

पुढचं उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं. १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' काढली. मासिक म्हणायचं, पण जवळपास सगळं लेखन एकाच माणसाचं. आज एखादा लेखक ईमेलने वाचकांना स्वतःचं लेखन पाठवतो ना, त्याचा हा पणजोबा समजा. सात-आठ वर्षांत ८४ अंक निघाले. शास्त्रीबुवा तेव्हा सरकारी शाळेत शिक्षक होते. बदली होऊन रत्नागिरीला गेले, तरी माला चालू राहिली. १८७९ मध्ये नोकरी सोडली आणि टिळक-आगरकरांबरोबर शाळा, छापखाना, पत्रं असा संसार मांडला. १८८१ ला 'केसरी' आला. नुसत्या मासिकावर विसंबून राहण्याची चूक त्यांनी केली नाही, हे लक्षात घ्या.

याच काळात एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. त्याच सुमाराला व्ही.पी.ची सोयही आली. आता कोकणातल्या एखाद्या गावचा मास्तर पुण्याच्या पत्राची वर्गणी पोस्टातून भरू शकत होता. चार-दोन रुपये लांबून सुरक्षित पोचवता येऊ लागले, म्हणून विखुरलेला छोटा वाचकही संपादकाच्या उपयोगाचा झाला. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याने आपल्यासाठी तेच काम केलंय. वडापावचे पैसे जसे देतो, तशी एका पत्राची वर्गणी देता येते.

सोय झाली म्हणून लोक पैसे देतातच असं नाही. जुन्या मासिकांचे अंक चाळा. 'वर्गणी थकली आहे, कृपया पाठवावी' ही विनंती वारंवार दिसते. वाचायला सगळे, द्यायला मोजके. हे दुखणं व्हॉट्सॲपने आणलेलं नाही.

आणि ज्यांचा वाचकच गरीब, त्यांचं काय? ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केलं. त्याला शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. दुसरीकडे, पैसे द्यायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघालं. त्यातले बरेचसे रकाने बाबासाहेब एकहाती लिहायचे, तेही मोबदल्याशिवाय. पैशाची ओढाताण कायमची. १९२९ च्या अखेरीस ते बंद पडलं. ज्यांच्यासाठी पत्र निघत होतं, त्यांच्या हातात वर्गणीचे पैसेच नव्हते. 'वाचकांनी पैसे दिले की झालं' असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. काही पत्रं वाचकांच्या पैशावर उभी राहूच शकत नाहीत आणि तीच सगळ्यात गरजेची असतात.

तिसरं नाव र. धों. कर्वे. १९२५ मध्ये संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं. वाचक थोडे, शिव्या भरपूर. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले होते. तरी पदरमोड करत हा माणूस १९५३ मध्ये मरेपर्यंत मासिक चालवत राहिला. २६ वर्षं! जाहिरातदारांच्या मर्जीवर असते तर २६ महिने तरी चाललं असतं का?

हे सगळं वाचल्यावर मला एक हिशेब कळला. छोट्या वाचकवर्गाने संपादकाचं घर क्वचितच चालवलंय. पण ज्यांच्याविरुद्ध लिहायचं, त्यांच्याकडे हात पसरण्याची वेळ त्याच्यावर येऊ दिली नाही. वर्गणीची खरी किंमत ही आहे.

२००८ मध्ये केविन केली नावाच्या अमेरिकन लेखकाने मांडलं होतं, की हजार पक्के चाहते वर्षाला शंभर डॉलर देणारे असले की कलावंताचं भागतं. तिथलं गणित तिथे. आपलं गणित मी कागदावर मांडलं. २४० पैकी १०० जणांनी महिना ५० रुपये दिले, तर ५,००० रुपये. यात घर चालत नाही. पण माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, प्रतीला पानामागे २ रुपये. एका फाईलची दोनशे पानं काढायची तर चारशे रुपये. ठाण्याच्या फेऱ्या, फोन, इंटरनेट, सगळं त्यात बसतं. पोटासाठी मी भाषांतराची कामं करतो, ती चालूच राहतील.

आपल्याकडचा रूढ मार्ग तुम्हाला माहीत आहे. नेत्याच्या वाढदिवसाची पानभर शुभेच्छा, बिल्डरची जाहिरात, मग त्या दोघांबद्दल मौन. मीही त्यातून गेलोय. काही वर्षांपूर्वी पाण्याच्या टँकरवर एक बातमी लिहिली आणि पुढच्या आठवड्यात एक जाहिरात गेली. त्यानंतरची बातमी मी जरा मऊ लिहिली. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच लिहिली. ती अजून टोचते.

म्हणून काकांना उशिरा उत्तर देतोय. येत्या महिन्यापासून पत्राला वर्गणी ठेवतोय. महिना ५०, वर्षाचे ५००. ज्यांना परवडत नाही त्यांनी फक्त एक ओळ कळवावी, पत्र येत राहील, कारण विचारणार नाही. दर ६ जानेवारीला जमाखर्च इथेच मांडेन. आणि वर्गणी भरली म्हणून कुणाची बातमी थांबणार नाही, काका, तुमच्या सोसायटीची सुद्धा.

शंभर जण होतील का? कॉमेंटमध्ये लिहा. नाही झाले तरी शुक्रवारी पत्र येईलच.