पाऊस कुणाच्या मापाने?

१९०० सालचा मे महिना. तुम्ही मेहकरात पैनगंगेच्या काठावर उभे आहात. गेल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. लोक याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. बाराच वर्षांपूर्वी इथे जमिनीतून शारंगधर बालाजीची मूर्ती वर आली, गाव हरखलं होतं. आता त्याच गावची माणसं सरकारी कामावर खडी फोडायला निघाली आहेत. तुम्हीही निघा. मुकादम तुमच्या ढिगाला माप लावतो. ढीग कमी भरला की मजुरी कापली, आणि मजुरी तरी केवढी? धान्याच्या भावावर बांधलेली, जेमतेम जीव तगेल एवढी.

हे सगळं नियमानं चाललं आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता केल्या. त्यांत काम कधी काढायचं, मजुरी किती द्यायची, सगळं लिहिलं आहे. तुम्ही कुणाकडे दाद मागायची, हे मात्र कुठेच नाही. पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आलं, हे साहेब ठरवणार. तुमचं पोट त्यात साक्षीला नाही.

एकशे वीस वर्षं ओलांडा. जून २०२०. मेहकरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर लोणार सरोवराच्या कड्यावर उभे राहून खाली पाहा: पाणी गुलाबी झालं आहे. तळं आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. लोणारच्या संवर्धनाची जनहित याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आधीपासून चालूच होती, आणि न्यायालयानं या रंगाचीही दखल घेतली. त्याच वर्षी लोणारला पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला. छप्पनच्या दुष्काळातल्या माणसाला जी दाद नव्हती, ती एका तळ्याला मिळाली. मला हे फार मोलाचं वाटतं.

माणसांसाठीही दार किलकिलं झालं होतं. ‘स्वराज अभियान’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये दुष्काळ जाहीर करण्यातल्या चालढकलीवर ताशेरे ओढले आणि केंद्राला दुष्काळाची नियमपुस्तिका सुधारायला लावली.

आता ऑक्टोबर २०२३. मेहकरच्या तहसीलसमोर घोळक्यात मिसळा. मोबाइलवर यादी आली आहे: राज्यातले ४० तालुके दुष्काळी. बुलढाणा आहे, शेजारचं लोणारही आहे. मेहकर नाही. एकच आभाळ आणि एकच सोयाबीन, पण बांधाच्या पलीकडचा शेतकरी दुष्काळी आणि अलीकडचा नाही. दुष्काळसदृश महसूल मंडळांची वेगळी यादी नंतर निघाली, पण त्या दिवशी लोक एकमेकांना विचारत राहतात, आपलं काय चुकलं?

मार्च २०२४ मध्ये दिल्लीत, माळढोक पक्षी आणि वीजवाहिन्यांच्या खटल्यात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधला हक्क असल्याचं सांगितलं. मोठा शब्द आहे. तो घेऊन त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मेहकरच्या शिवारात या. रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, सोयाबीन पाण्याखाली गेलं. पण महसूल मंडळाच्या यंत्रात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरले, तरच ती अतिवृष्टी. सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्क्यांच्या वर हवं. विम्याची तक्रार ७२ तासांत गेली पाहिजे. तुम्ही चिखलात उभे राहून रेंज शोधता. यंत्र दुसऱ्या गावात आहे, आणि तिथे कदाचित तुमच्याएवढा पाऊस झालाच नसेल.

२०२५ च्या खरिपात तर राज्यानं विम्यातली ही वैयक्तिक तक्रारीची वाटच काढून टाकली. भरपाई मंडळाच्या पीक कापणी प्रयोगावर ठरू लागली. म्हणजे तुमच्या बुडालेल्या रानाचा निकाल पुन्हा दुसऱ्याच्या रानातल्या उताऱ्यावर.

कलम २१ मधला हक्क मेहकरात पोचवायचा, तर पुढची याचिका याच मापांवर व्हायला हवी. गावागणिक पर्जन्यमापक, पंचनाम्याची प्रत शेतकऱ्याच्या हातात, आणि तालुका यादीतून वगळला तर त्याची लेखी कारणं. नागपूर खंडपीठानं तळ्याच्या रंगाची चौकशी केली. या आकड्यांचीही करायला त्याला कुणीतरी सांगितलं पाहिजे.