शिडीची कितवी पायरी?

वर्ष सरताना पाहणी करणारे दोन प्रश्न हटकून विचारतात: हे वर्ष तुम्हाला कसं गेलं, आणि देशाला कसं गेलं? या जोडप्रश्नाचा जुना अवतार मला हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९६५च्या ‘द पॅटर्न ऑफ ह्यूमन कन्सर्न्स’ या ग्रंथात भेटला.

कँट्रिल आधी शब्द मागत. तुमच्या दृष्टीने सर्वांत चांगलं आयुष्य कोणतं, सर्वांत वाईट कोणतं? मग शून्य ते दहाची शिडी पुढे करत. वरचं टोक तुमच्याच शब्दांतली आशा, तळ तुमच्याच शब्दांतली भीती. पाच वर्षांपूर्वी, आज आणि पाच वर्षांनंतर तुम्ही कुठे? मग हेच सगळं देशाबद्दल. भारतात ही पाहणी १९६२ साली झाली. स्वतःच्या वर्तमानाला भारतीयांनी सरासरी ३.७ गुण दिले, अमेरिकनांनी ६.६.

पुढे १९७४ साली अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी पैसा आणि सुख यांचं नातं तपासताना हे आकडे वापरले. आकड्यांनी प्रवास केला, शब्द हळूहळू मागे पडले. आजच्या जागतिक आनंद अहवालातही हीच शिडी आहे. पण तिथे माणसाला फक्त पायरी विचारतात.

दोन शिड्या एकमेकींपासून दूरही जातात. १९७१ साली, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, अमेरिकनांनी स्वतःला पुन्हा ६.६ दिले, देशाला मात्र ५.४.

गेल्या वर्षी माझे वडील गेले. डिसेंबरअखेरीस आमच्या बडोद्याच्या घरी मी आईसमोर कागदावर शिडी काढली.

“अगं, माझं विचारतेस की आपलं?” तिने विचारलं.

या ‘आपलं’मध्ये ऐकणाराही येतो, ‘आमचं’मध्ये येत नाही. गुजरातीतही ‘आपणुं’ आणि ‘अमारुं’ असा भेद आहे. हिंदीतलं ‘हमारा’ दोन्ही सामावून घेतं. ‘मी’ आणि ‘देश’ यांच्या मधल्या या जागेसाठी कँट्रिल यांच्याकडे तिसरी शिडी नव्हती.

देशाला आईने चटकन पाच दिले. स्वतःच्या शिडीशी मात्र ती अडली. मी तिला कँट्रिल यांचा पहिला प्रश्न विचारला: सर्वांत वाईट म्हणजे काय? “सकाळचा चहा एकटीने पिणं,” ती म्हणाली.

पायरी मी विचारली नाही. दुसऱ्या दिवशी लवकर उठले आणि दोन कप चहा टाकला.