खटला प्रश्नोत्तरांचा

टीव्हीवरच्या कोर्टाच्या मालिकेत गर्भपाताचा हक्क, मोबाईलवरून पसरणारी खोटी माहिती असे विषय आले, की आपल्याला ते परदेशातले वाटतात. पण असा खटला मुंबईत १९३४ सालीच चालला होता, आणि तोही एका मराठी मासिकावर!

रघुनाथ धोंडो कर्वे म्हणजे महर्षी अण्णांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या कार्यापायी कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. चारचौघांत विचारता न येणारे प्रश्न वाचक पत्राने विचारीत आणि कर्वे शास्त्राला धरून सरळ उत्तरे देत. १९३१ मध्ये एका लेखावरून त्यांना १०० रुपये दंड झालाच होता. १९३४ मधला खटला मात्र या प्रश्नोत्तरांवरच होता.

त्यांचे वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! १९०० साली साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेला विद्यार्थी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, लोकांच्या मनातल्या विकृत कल्पना ज्ञानानेच जातील, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. तरी कर्व्यांनी १९५३ मध्ये मरेपर्यंत मासिक चालू ठेवले.

आता आपल्या भागाकडे पाहू. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या २८५ मुलींना नवी नावे दिली गेली. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण सापडले. त्यानंतर अनेकांच्या मनात एक घोटाळा झाला: गर्भपात म्हणजेच गुन्हा! वास्तविक गुन्हा आहे तो गर्भलिंग तपासण्याचा आणि मुलगी म्हणून गर्भ पाडण्याचा. त्यासाठी १९९४ चा कायदा आहे. १९७१ च्या कायद्याने मात्र ठराविक कारणांसाठी, नोंदणीकृत डॉक्टरकडून गर्भपात करून घेता येतो. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत काही स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत वाढली.

हा फरक माहीत नसलेली घाबरलेली मुलगी डॉक्टरकडे न जाता भोंदूकडे जाते. अज्ञानाची किंमत ती जिवाने मोजते. आणि मुलगा होण्याचे रामबाण उपाय? ते मोबाईलवर न मागता येतात!

कर्व्यांजवळ पत्रे येत, कारण घरात विचारायची सोय नव्हती. आपल्या घरात ती आज तरी आहे का? नातवंडांनी विचारले तर विषय बदलू नका, एवढेच सांगणे. असो.